शेतकरी जोतीराव फुले आणि त्यांचे घराणे

आपल्या ज्ञातीच्या सभा-संमेलनांत महात्मा जोतीराव फुले यांच्या तसबिरीस हार घातल्यावाचून कार्यास आरंभ होत नाही, आणि ते सर्वथा योग्य आहे. परंतु त्या हारामागे जे भाषण होते त्यात भिडे वाड्यातील शाळा, सत्यशोधक समाज आणि सावित्रीबाईंची सोबत एवढेच बहुधा येते. शिक्षक या नात्याने मी वर्गात अनेक वेळा विचारून पाहिले आहे की, जोतीराव पोटासाठी काय करीत असत? मुले क्षणभर गप्प राहतात आणि मग एखादा धीट विद्यार्थी उत्तरतो, “समाजसुधारणा.” जणू समाजसुधारणा करून तेल-मीठ आणता येते! स्वतः जोतीरावांनी आपली ओळख काय दिली ते सरकारी दप्तरात नमूद आहे. दिनांक १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी जे निवेदन ठेवले, त्यात आपण व्यापारी, शेतकरी व म्युनिसिपल कमिशनर असून पुण्याच्या जुन्या गंज पेठेत राहतो असे त्यांनी सांगितले आहे. शिक्षणासंबंधीच्या निवेदनातही त्यांस आपण शेतकरी आहोत हे सांगावेसे वाटले. म्हणून प्रस्तुत लेखात शेतकरी जोतीराव, त्यांचे पूर्वज आणि त्यांच्या पश्चात त्यांच्या घरातील माणसे यांचाच विचार करण्याचे योजिले आहे.

या घराण्याचे मूळ आडनाव गोऱ्हे. मूळ गाव सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यात असलेले कटगुण. तेथे जोतीरावांचे पणजोबा चौगुला होते. चौगुला म्हणजे पाटलाच्या हाताखालचा गावकामगार. मान थोडा आणि धावपळ फार, अशी ही चाकरी. गावच्या कुलकर्ण्याशी त्यांचे वितुष्ट आले, प्रकरण विकोपास गेले आणि त्यांना रातोरात गाव सोडावे लागले, असे चरित्रकार सांगतात. ते पुरंदर तालुक्यातील खानवडी येथे येऊन स्थिरावले. त्यांचा एकुलता एक मुलगा शेटीबा. हा स्वभावाने भोळा आणि हाताने सैल. वडिलांनी मिळविलेले त्याने राखले नाही, कर्ज झाले, आणि राणोजी, कृष्णा व गोविंद या तीन मुलांस घेऊन त्याने पुण्याची वाट धरली.

पुण्यात एका फुलमाळ्याच्या हाताखाली ही मुले कामास राहिली. फुलांचे हार, गजरे, तुरे, फुलांच्या गाद्या व आसने करण्यात त्यांचा हात असा बसला की, दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या वाड्यात त्यांच्या फुलांस मागणी येऊ लागली. पेशव्यांनी संतुष्ट होऊन पस्तीस एकर जमीन इनाम दिली. गोऱ्हे हे नाव मागे पडून ‘फुले’ हे नाव रूढ झाले ते याच काळात. पुढे थोरले बंधू राणोजी यांनी ही मिळकत आपल्याकडेच ठेवली व धाकट्या दोघांस वेगळे काढले. भाऊबंदकीचा हा प्रकार आपल्या वाचकांस नवा नाही. बांध कोरण्यापासून सातबाऱ्यावरील नाव गाळण्यापर्यंतची उदाहरणे प्रत्येक गावी आहेत. परंतु या अन्यायाचा एक परिणाम असा झाला की, गोविंदरावांस इनामाच्या आधारावर न राहता स्वकष्टावर प्रपंच उभा करावा लागला. त्यांनी शेती केली, भाजीपाल्याचे व फुलांचे दुकान चालविले आणि गंज पेठेत घर केले. धनकवडीच्या झगडे पाटलांची कन्या चिमणाबाई ही त्यांची पत्नी. त्यांस राजाराम व जोतीराव असे दोन पुत्र झाले.

जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ चा. मूल वर्षाचेही झाले नाही तोच चिमणाबाई वारल्या. गोविंदरावांनी दुसरे लग्न केले नाही. बाळाचे संगोपन सगुणाबाई क्षीरसागर या नात्यातील बालविधवेने केले. सातव्या वर्षी मुलास शाळेत घातले. परंतु शूद्राच्या पोराने शिकून काय करावयाचे, शिकला म्हणजे तो शेतास व दुकानास निरुपयोगी होईल, असे दुकानातील कारकुनाने गोविंदरावांच्या मनात भरविले व जोतीरावांची शाळा सुटली. त्यानंतर काही वर्षे ते वडिलांच्या मळ्यात राबले. ही वर्षे वाया गेली असे लिहिण्याची प्रथा आहे. मला ते पटत नाही. मोटेमागे चालणे, वाफे बांधणे, पाणी दारे धरून फिरविणे, मळ्यातील माल पहाटे बाजारात नेणे हे ज्याने वाढत्या वयात केले, त्याच्याच लेखणीतून पुढे शेतकऱ्याच्या घरातील चूल, गोठा व भाकरी यांचे इतके नेमके वर्णन उतरू शकले. शेजारचे गफार बेग मुन्शी व लिजिट साहेब या दोघांनी गोविंदरावांची समजूत घातली आणि १८४१ साली जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले. तत्पूर्वी १८४० साली त्यांचा विवाह नायगावच्या खंडोजी नेवसे पाटील यांची कन्या सावित्रीबाई यांच्याशी झाला होता. नेवसे पाटीलही शेतकरीच.

१८४८ ची मुलींची शाळा, त्या पायी १८४९ साली वडिलांचे घर सोडावे लागणे, १८५२ साली विश्रामबाग वाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते झालेला सत्कार, हा सर्व इतिहास सर्वश्रुत आहे. त्याची पुनरुक्ती करीत नाही. प्रश्न असा की, या शाळा, बालहत्या प्रतिबंधक गृह व इतर उपक्रम यांस पैसा कोठून येत होता? वर्गणी होती, सरकारी अनुदानही होते. परंतु घरखर्च आणि पुष्कळसे परोपकाराचे खर्च जोतीरावांच्या उद्योगातून चालत. धातूच्या ओतकामास लागणारे साहित्य पुरविण्याचा त्यांचा व्यापार होता. पुणे कमर्शियल अँड काँट्रॅक्टिंग कंपनी या नावाने ते व त्यांचे सहकारी सरकारी बांधकामांचे मक्ते घेत. कात्रजचा बोगदा, येरवड्याचा पूल आणि खडकवासल्याच्या कालव्याचे काम यांशी त्यांचे नाव निगडित आहे.

यांपैकी खडकवासल्याचे काम प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे. मुठा नदीवरील हे दगडी धरण कर्नल फाइफ या इंजिनियराच्या योजनेनुसार १८७० च्या दशकात बांधण्यात आले. जलाशयास पुष्कळ काळ फाइफचेच नाव होते. (हे जुने धरण १२ जुलै १९६१ रोजी पानशेतच्या पुराने फुटले; ती आठवण पुणेकरांस सांगावयास नको.) त्याचा उजवा कालवा पुण्यातून हडपसर, मांजरी, लोणी या भागातून पाटसकडे गेला. आजवर जो शेतकरी विहिरीवर मोट चालवून कसेबसे थोडे रान भिजवीत असे, त्याच्या बांधाशी एकाएकी वाहते पाणी आले. शेतकऱ्यांनी ते आनंदाने घेतले असेल, अशी आपली समजूत होईल. वस्तुस्थिती निराळी होती. लोक पाणी घेण्यास धजत नव्हते.

त्यांस अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु त्यांची भीती अगदीच निराधार नव्हती. पाणी घेतले म्हणजे पाणपट्टी आली, आणि पीक बुडाले तरी ती सुटत नाही. पुढच्या आकारणीत जमीन बागायत म्हणून सारा वाढेल ही धास्ती वेगळीच. उसासारखे पीक वर्ष-दीड वर्ष शेतात उभे राहते; तोवर खत, बेणे, मजुरी यांस लागणारा पैसा सावकाराकडूनच आणावयाचा. त्यात खोल काळ्या जमिनीस पाटाचे पाणी बेसुमार दिले तर ती चोपण होते, हेही अनुभवी माणसास ठाऊक असते. म्हणजे पाणी हे वरदान होण्यास त्याबरोबर भांडवल, खत आणि हिशेब ही तीन बाळगावी लागतात. १८७५ साली सुपे येथून पेटलेल्या सावकारविरोधी दंग्यांनी आणि १८७६–७७ च्या दुष्काळाने खचलेल्या शेतकऱ्यापाशी ही तिन्ही नव्हती.

जोतीरावांनी या लोकांस व्याख्यान दिले नाही. त्यांनी मांजरी येथे कालव्याखालील जमीन स्वतः विकत घेतली आणि पाटाच्या पाण्यावर बागायत करून दाखविली. शेजाऱ्याच्या रानात पीक उभे राहिलेले पाहिल्यावाचून शेतकरी नवी रीत उचलीत नाही, हे त्यांस मळ्यातील वयापासून ठाऊक होते. ज्या कालव्याच्या बांधकामाशी मक्तेदार म्हणून त्यांचा संबंध आला होता, त्याच कालव्याचे पाणी त्यांनी शेतकरी म्हणून, पाणपट्टी भरून घेतले. त्या काळच्या पुढाऱ्यांत शेतीवर लिहिणारे व बोलणारे पुष्कळ होते. स्वतःच्या पैशाने असा प्रयोग करणारा मात्र विरळा.

येथे एक गोष्ट प्रसंगोपात्त सांगतो. हडपसर-मांजरीचा हा पट्टा पुढे ऊस व भाजीपाल्याच्या बागायतीसाठी नावाजला. येथेच पुढे उसाच्या प्रयोगांचे सरकारी क्षेत्र निघाले आणि १९७५ साली स्थापन झालेली, आज वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट या नावाने ओळखली जाणारी संस्थाही मांजरीसच आहे. तसेच, ज्या पुरंदर तालुक्यात जोतीरावांचे पणजोबा आश्रयास आले, त्याच तालुक्यातील सासवडची माळी मंडळी कालव्यांमागून कालव्यांच्या काठी जाऊन बागायती करीत राहिली. आपल्या उसास आपणच भाव मिळवून द्यावा म्हणून त्यांनी १९३२ साली सासवड माळी शुगर फॅक्टरी काढली व अकलूजजवळ माळीनगर वसविले. लोणीस विठ्ठलराव विखे पाटलांचा सहकारी कारखाना निघाला तो १९५० साली, म्हणजे त्यानंतर जवळजवळ दोन दशकांनी. माळीनगरच्या मंडळींनी मांजरीचा कित्ता समोर ठेवला होता असे मी म्हणत नाही. पण पाटाच्या पाण्याला भिऊन मागे न सरणारी ही पिढी एकाएकी आकाशातून पडली नव्हती, एवढे खास.

शेतीतील हा अनुभव जोतीरावांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात साठविला आहे. हा ग्रंथ त्यांनी १८८३ साली पुरा केला. त्याची पाच प्रकरणे आहेत. त्यातील काही भाग त्यांनी बडोद्यास श्रीमंत सयाजीराव गायकवाडांस वाचून दाखविला. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या ‘दीनबंधु’ पत्रात आरंभीची प्रकरणे आली, पण मजकूर जहाल म्हणून पुढची छापण्यास संपादक कचरले. स्वतःच्याच सहकाऱ्याचा हा कचखाऊपणा जोतीरावांच्या मनास लागला. विद्येच्या अभावी काय काय गेले हे सांगणाऱ्या ज्या ओळी आज शाळाशाळांच्या भिंतींवर रंगविलेल्या असतात, त्या याच ग्रंथाच्या आरंभी आहेत. त्या शेतीच्या पुस्तकातील आहेत याचे भान, भिंत रंगविणाऱ्यास तर सोडाच, भिंतीखाली बसून शिकविणाऱ्या आम्हां मास्तरांसही क्वचितच असते.

धर्माच्या नावाने होणारी लूट व अंमलदारांचा जाच यांवर या ग्रंथात जे आहे त्याची चर्चा पुष्कळ झाली आहे. मी वाचकांचे लक्ष शेतीच्या कारणमीमांसेकडे वेधू इच्छितो. जोतीराव म्हणतात की, पूर्वी जमीन आलटून पालटून पडीत ठेवता येई व तिचा कस भरून निघे. आता वस्ती वाढली, जमिनीच्या वाटण्या झाल्या, तिला विसावा मिळेनासा झाला. पूर्वी कुणब्याच्या घरातील एखादा शिपाईगिरीवर असे, तो आधार तुटला. विलायती मालाने कोष्टी व इतर कारागीर बुडाले व तेही जमिनीवरच येऊन पडले. जंगलखात्याने चराऊ राने बंद केल्यामुळे जनावरे घटली आणि जनावरांबरोबर खतही घटले. एका कारणातून दुसरे कसे निघते हे त्यांनी ज्या रीतीने उलगडले आहे, ती रीत कोणाही अर्थशास्त्र्यास शोभावी अशी आहे.

उपायही तितकेच रोकडे. डोंगर-टेकड्यांवर ताली व बंधारे अशा रीतीने घालावेत की, पावसाचे पाणी शेतांत मुरून मग ओढ्या-नाल्यांस मिळावे आणि पालापाचोळ्याचे व मातीचे सत्त्व वाहून जाऊ नये. पोलीस व लष्करातील शिपायांस काम नसेल तेव्हा त्यांच्याकडून ही कामे करून घ्यावीत. पाणाड्यांकरवी झरे शोधवून विहिरी-तळी बांधावीत. कालव्याचे पाणी मोघम न सोडता प्रत्येक शेतापाशी तोटी बसवून गरजेपुरते मोजून द्यावे. परदेशांतून उत्तम जातीच्या शेळ्या-मेंढ्या आणून त्यांची पैदास करावी. शेतीची प्रदर्शने भरवून बक्षिसे द्यावीत आणि शेतकऱ्यांच्या मुलांस विलायतेतील शेतकीच्या शाळा पाहण्यास पाठवावे. आज ज्यास आपण पाणलोट विकास म्हणतो आणि ज्याच्या पाट्या सरकारी खर्चाने गावोगाव लागल्या, तो विचार १८८३ साली गंज पेठेतील एका माळ्याने लिहून ठेवला होता. तोटीची सूचना तर मला विशेष वाटते. कालव्याखाली शेती केलेल्या माणसालाच ती सुचावी. कारण वरच्या अंगाच्या शेतात पाणी तुंबते आणि खालच्या शेतकऱ्याची पाळी कोरडी जाते, हे नकाशावर दिसत नाही. हे सर्व सर्वसामान्य वाचकांच्या हाती सुलभपणे आले ते १९६९ साली, धनंजय कीर व स. गं. मालशे यांनी संपादिलेल्या समग्र वाङ्मयामुळे. ग्रंथकर्त्याच्या मृत्यूस तोवर एकोणऐंशी वर्षे लोटली होती.

१८७६ ते १८८२ या काळात जोतीराव पुणे म्युनिसिपालिटीचे सभासद होते. नव्या मंडईच्या भव्य इमारतीवर पैसा खर्च करण्यास त्यांचा व हरी रावजी चिपळूणकरांचा विरोध होता. तो पैसा लोकांच्या शिक्षणाकडे लावावा असे त्यांचे म्हणणे. मंडई १८८६ साली उभी राहिली व गव्हर्नर रे यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. पुढे आचार्य अत्रे म्युनिसिपालिटीत असता तिला महात्मा फुले यांचेच नाव देण्यात आले! भाजी विकणाऱ्या बापाच्या मुलाचे नाव मंडईस असावे हे उचितच. तरी हा योगायोग गमतीचा खरा. याच चिपळूणकरांनी मार्च १८८८ मध्ये ड्यूक ऑफ कॅनॉट यांस मेजवानी दिली, तेव्हा जोतीराव शेतकऱ्याच्या वेषात तेथे गेले आणि हे दागिने ल्यालेले पाहुणे म्हणजे हिंदुस्थान नव्हे, खरी प्रजा पाहावयाची तर खेड्यात चला, असे त्यांनी राजपुत्रास सुनावले. त्या वेषास कोणी सोंग म्हणतील. ज्याचा जन्म मळ्यात गेला त्याने अंगावर घोंगडे घेतले तर ते सोंग कसे?

आता घरातील माणसांकडे वळू. जोतीराव-सावित्रीबाईंस मूल नव्हते. काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेस त्यांच्या आश्रयास असताना जो मुलगा झाला, तो त्यांनी १८७४ साली दत्तक घेतला. हाच यशवंत. दिनांक १० जुलै १८८७ रोजी जोतीरावांनी मृत्युपत्र केले. त्यात मिळकत सावित्रीबाई व यशवंत यांच्याकडे जावी अशी व्यवस्था आहे. परंतु यशवंत न शिकता उनाड निघाल्यास माळी, कुणबी, धनगर इत्यादी लोकांतील जो मुलगा सर्वांत लायक असेल त्यास ती द्यावी, असेही लिहिले आहे. स्वतःच्या मिळकतीचा वारसही गुणावर ठरविणारा हा बाप! यशवंत नालायक निघाला नाही. तो डॉक्टर झाला.

परंतु त्याच्या लग्नाचा प्रश्न आला तेव्हा, विधवेच्या पोटी जन्मलेल्या या मुलास मुलगी देण्यास लोक कचरले. येथे आपल्या ज्ञातीने स्वतःकडे पाहिले पाहिजे. सत्यशोधक म्हणवून घेणारे थोडे नव्हते, पण मुलगी दिली ती हडपसरच्या ज्ञानोबा कृष्णाजी ससाणे यांनी. ४ फेब्रुवारी १८८९ रोजी यशवंत व राधा यांचा विवाह सत्यशोधक पद्धतीने झाला. जोतीराव त्या वेळी पक्षाघाताने उजव्या अंगाने लुळे झाले होते. जुलै १८८८ मध्ये त्यांस झटका आला होता व डॉ. विश्राम रामजी घोले उपचार करीत होते. डाव्या हाताने लिहून त्यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म’ पुस्तक पुरे केले. मक्ते संपले होते, मिळविलेला पैसा लोककार्यात गेला होता, आणि मामा परमानंदांस या कुटुंबाच्या मदतीसाठी बडोद्याकडे शब्द टाकावा लागला.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव निवर्तले. आपला देह मिठात पुरावा अशी त्यांची इच्छा होती व त्यासाठी घरामागे खड्डाही तयार होता. म्युनिसिपालिटीने वस्तीत पुरण्यास परवानगी दिली नाही, म्हणून दहन करावे लागले. अंत्ययात्रेत टिटवे कोणी धरावयाचे यावरून भाऊबंदांनी यशवंताच्या हक्कास हरकत घेतली, तेव्हा सावित्रीबाई स्वतः टिटवे घेऊन पुढे झाल्या. राणोजीच्या काळी जमिनीवरून जे घडले, तेच दोन पिढ्यांनी तिरडीपाशी घडले.

१८९५ साली सून राधा वारली. १८९७ साली पुण्यात प्लेग आला तेव्हा लष्करी वैद्यकीय नोकरीतील यशवंत रजेवर आला व हडपसरजवळ ससाण्यांच्या मळ्यात त्याने रुग्णांसाठी दवाखाना उघडला. सासऱ्याचा तो मळा, भोवती शेते, आणि तेथे झोपड्यांतून रोगी. मुंढव्याच्या एका आजारी मुलास सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तेथे आणले असे सांगतात. त्यांस प्लेगने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला.

पुढे यशवंताने दुसरा विवाह केला, पण तोही फार वर्षे जगला नाही. त्याची पत्नी चंद्रभागा व मुलगी सोनी या मागे राहिल्या. त्यांचे दिवस अत्यंत हलाखीत गेले. घरातील चीजवस्तू गेली, आणि शेवटी गंज पेठेतील राहते घरही विकावे लागले. त्या वेळी पुण्यात व आसपास आपल्या ज्ञातीचे बागायतदार होते, मक्तेदार होते, मांजरी-हडपसरच्या उसावर पैसा केलेली घरेही होती. यशवंताचा जन्म कोणाच्या पोटी झाला, हा हिशेब त्यांच्या मनात तेव्हाही पुसला गेला नसावा, असे माझे मत आहे.

घर मात्र पडले नाही. पुढे ते राज्य शासनाच्या संरक्षणाखाली आले आणि १९९३ पासून ‘समता भूमी’ म्हणून ओळखले जाते. पेठेसही आता महात्मा फुले यांचे नाव आहे. सावित्रीबाईंनी आणून ठेवलेल्या अस्थींवर बांधलेले वृंदावन तेथे अंगणात आहे, आणि १८६८ साली जी पाण्याची जागा जोतीरावांनी अस्पृश्य मानलेल्या लोकांस खुली केली, ती विहीरही त्याच आवारात आहे.